घूं की झर्रर्र? व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमधला हम: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरी बांधायच्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरबद्दल लिहिलं, आणि आलेली पत्रं जवळजवळ सगळी एकाच रडगाण्याची. गाणं लावलेलं नाही तरी स्पीकर गातोय! तेव्हा हा अंक हमचा, म्हणजे घरच्या विजेतून (मेन्समधून) स्पीकरमध्ये शिरणाऱ्या आवाजाचा.

आधी एक तक्रार माझी. निम्म्या पत्रांत फक्त ‘हम येतो, उपाय सांगा’ एवढंच आहे. कसला हम? घूं असा गोल आवाज, की झर्रर्र असा कडेला दात असलेला? व्हॉल्यूम फिरवला की वाढतो का? स्विच टाकताक्षणी येतो, की व्हॉल्व्ह तापल्यावर? ही तीन उत्तरं पत्रात आली की माझं निम्मं काम झालेलं असतं. कान न लावता थेट कंडेन्सर बदलायला बसणारे लोक मी आयुष्यभर पाहिले. कंडेन्सर विकणाऱ्याचं त्यात भलं होतं, एवढंच.

दुसरं, झाकण काढण्यापूर्वी. एचटी (व्हॉल्व्हना लागणारी उच्च दाबाची डीसी वीज) तीनशे-साडेतीनशे व्होल्ट असते आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ती बसून राहते. १० किलोओम, ५ वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेशनच्या क्लिपा लावून कंडेन्सरच्या दोन टोकांना दहा सेकंद धरा, मीटरने शून्य दिसतंय हे बघा, मग हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करणारे बहाद्दर आहेत. त्यांनी माझं सदर वाचू नये.

*

प्र. मुलार्डच्या जुन्या ‘५-१०’ सर्किटवरून (पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट) एक चॅनल बांधला. ईएफ८६ (इनपुटला), ईसीसी८३ (मधली), दोन ईएल८४ (आउटपुटला) आणि ईझेड८१ (रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारी). वाजतो सुरेख, पण गाणं थांबलं की सतत घूं. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढाच. चोक (लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी) मिळाला नाही म्हणून त्या जागी २२० ओमचा रेझिस्टन्स लावला आहे. एकाने सांगितलं की पहिला कंडेन्सर वाढवा, म्हणून ५० मायक्रोफॅरडच्या जागी २२० घातला. हम जरा कमी झाला, पण परवा चालू करताना ईझेड८१ मध्ये ठिणगी दिसली. (सांगली)

उ. सगळ्यात आधी तो २२० मायक्रोफॅरड काढा. आजच. ईझेड८१ च्या पुढे पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅरड चालतो, ही बनवणाऱ्यांनी घालून दिलेली मर्यादा आहे. ईझेड८० लाही तेवढीच, जीझेड३४ ला ६०. कारण सोपं आहे. रेक्टिफायर अखंड करंट देत नाही. विजेची लाट शिखरावर पोचते त्या क्षणापुरता तो उघडतो आणि कंडेन्सर तेवढ्यात आपला वाटा ओढून घेतो. कंडेन्सर जितका मोठा, तितका तो घोट लहान वेळात आणि जोराचा. कॅथोडवरचा (व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावरचा) लेप ते सोसत नाही आणि ठिणगी पडते. लगेच बंद-चालू केलंत तर आणखी वाईट, कारण कॅथोड गरम आणि कंडेन्सर रिकामा.

पण हम कमी झाला ही तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. हमचा काही भाग तरी एचटीच्या रिपलचा (डीसीवर उरलेल्या लाटेचा) आहे, हे त्यातून कळतं. आता जरा गणित करू, ढोबळच.

तुमचा सेट साधारण १०० मिलिअँपिअर घेत असेल. आपली वीज ५० हर्ट्झची, दोन्ही अर्धलाटा वापरल्या की रिपल १०० हर्ट्झचा. ५० मायक्रोफॅरडवर हा रिपल जवळपास २० व्होल्ट, टोकापासून टोकापर्यंत. आकडा बघून दचकू नका, पहिल्या कंडेन्सरवर तेवढा असतोच. प्रश्न पुढे काय होतं याचा. तुमचा २२० ओम आणि त्यापुढचा ५० मायक्रोफॅरड मिळून तो सातपट कमी करतात, म्हणजे तीन व्होल्टच्या आसपास उरतो. त्याच जागी १० हेन्रीचा चोक असता तर रिपल दोनशेपट कमी झाला असता. २० व्होल्टचा एकदशांश व्होल्ट! आणि चोकच्या तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स तुमच्या २२० ओमच्याच घरातला, त्यामुळे एचटी पडत नाही. १० हेन्री, १२० मिलिअँपिअर असं सांगितलंत तर ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कोणीही करून देईल. गाभ्यात हवेची फट ठेवायला सांगा, नाहीतर डीसीने गाभा भरून जाईल आणि चोक नावापुरता उरेल. चोक महाग पडतो, जड असतो, पण मी त्यावरचा खर्च कधी फुकट गेलेला पाहिला नाही.

तरीही तीन व्होल्ट रिपलवर पुश-पुल स्टेज (दोन आउटपुट व्हॉल्व्ह विरुद्ध दिशांनी काम करतात ती) एवढी ओरडायला नको. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकातून रिपल दोन्ही अर्ध्यांत सारखाच जातो, विरुद्ध दिशांनी, आणि एकमेकांना खाऊन टाकतो. पुश-पुलची ही मोठी सोय. मात्र दोन्ही ईएल८४ सारखा करंट घेत असल्या तरच. एक थकलेली आणि एक ताजी असली की तोल जातो आणि उरलेला रिपल स्पीकरमध्ये उतरतो. दोन्ही कॅथोडना वेगवेगळा २७० ओमचा रेझिस्टन्स आणि आपापला कंडेन्सर असू द्या. मग दोन्हींवरचे व्होल्ट मोजा. दोन्हीकडे साडेदहा-अकराच्या आसपास हवेत. एकीकडे अकरा आणि दुसरीकडे सात असतील तर व्हॉल्व्हची अदलाबदल करा. सात व्होल्ट व्हॉल्व्हबरोबर गेले तर व्हॉल्व्ह दमली आहे. जागेवरच राहिले तर बेस, रेझिस्टन्स किंवा ट्रान्सफॉर्मरची ती बाजू तपासा.

आता हम नेमका कुठल्या स्टेजमधून येतो ते शोधायचं. सगळीकडे सांगतात की पुढून एकेक व्हॉल्व्ह काढत जा. बरोबर आहे, पण तुमच्या सर्किटमध्ये ईएफ८६ एकटी काढू नका. तिचा अॅनोड (इलेक्ट्रॉन गोळा करणारी पट्टी) ईसीसी८३ च्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) थेट जोडलेला आहे, मधे कंडेन्सर नाही. ईएफ८६ काढली की तो अॅनोड पूर्ण एचटीला चढतो, मागोमाग ईसीसी८३ चा ग्रिड आणि कॅथोडही, आणि हीटर (कॅथोड तापवणारी तार) आणि कॅथोड यांच्यामधलं इन्सुलेशन जेवढं सोसतं त्याच्या पलीकडे व्होल्ट जातात. म्हणून ईसीसी८३ काढा. सेट बंद करून, चालू असताना नव्हे. स्पीकर जोडलेला राहू द्या.

ईसीसी८३ नसतानाही घूं कायम राहिला तर दोष आउटपुट स्टेजमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरच्या मांडणीत. तो आधीपेक्षा थोडा वाढलेलाही ऐकू येईल. घाबरू नका, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटकडे परत देणं) सुटला, म्हणून झाकलेलं उघडं पडलं. हम गेला तर तो ईएफ८६ किंवा ईसीसी८३ कडून येतोय. अशा वेळी मी पहिल्यांदा ईएफ८६ ला एचटी पोचवणारा शेवटचा छोटा कंडेन्सर बघतो. तो लहान, स्वस्त आणि कोपऱ्यात असतो, त्यामुळे जुन्या खोक्यातला कुठलातरी लावलेला असतो. तिथला थोडासा रिपल पुढच्या सगळ्या स्टेजा मोठा करतात. तपासायला तेवढ्याच किमतीचा आणि व्होल्टेजचा चांगला कंडेन्सर सेट बंद असताना समांतर जोडा, मग चालू करून ऐका.

सुराचीही मदत घ्या. १०० हर्ट्झ म्हणजे खर्जाच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळचा सूर. पेटीवर जुळवून बघा. हा सूर आला तर रिपलकडे जा. त्याच्या एक सप्तक खाली, पोटात जाणवणारा ५० हर्ट्झ असेल तर रिपलचा नाद सोडा आणि हीटर, अर्थ, ट्रान्सफॉर्मर यांच्याकडे वळा. याला अपवाद एकच: ईझेड८१ चा एक अॅनोड मेला असेल तर अर्धीच लाट पोचते, रिपल ५० चा होतो आणि एचटीही पडते. आणि स्पीकर छोटा असेल तर त्याला ५० ऐकवताच येत नाही, तुम्ही त्याचा १५० चा भाऊ ऐकत असता. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट अॅप आहेत, त्यात खांब कुठे उभा राहतो ते बघितलंत की वाद मिटतो.

५० चा हम असेल तर काय बघायचं? हीटरच्या दोन तारा एकमेकींना घट्ट पिळलेल्या आणि चासीच्या (सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) कोपऱ्यातून नेलेल्या हव्यात. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला मधलं टोक नसेल तर दोन्ही टोकांपासून १०० ओमचे दोन रेझिस्टन्स घेऊन मध्य तयार करा. तो मध्य चासीला लावण्याऐवजी एका ईएल८४ च्या कॅथोडला लावा. हीटर दहा-अकरा व्होल्ट वर उचलले जातात आणि हीटरकडून कॅथोडकडे होणारी बारीक गळती थांबते. खर्च दोन रेझिस्टन्सचा.

स्विच टाकताक्षणी, व्हॉल्व्ह थंडगार असतानाच घूं येत असेल, तर तो व्हॉल्व्हमधून येऊच शकत नाही. मेन्स ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतंय. हे खरं तर भोकं पाडायच्या आधी तपासायचं असतं: आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोकळा ठेवायचा, सेकंडरीला हेडफोन लावायचा, मेन्स ट्रान्सफॉर्मरला नुसती वीज द्यायची आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत हम कुठे बुडतो ते ऐकायचं. बहुधा दोघांचे गाभे काटकोनात आले की बुडतो. अॅल्युमिनिअमच्या पत्र्याची भिंत मधे घालून उपयोग नाही, ५० हर्ट्झचं क्षेत्र तिला जुमानत नाही.

आणि झर्रर्र असता तर मी एकच विचारलं असतं: मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या एचटी वाइंडिंगचं मधलं टोक कुठे जोडलंय? बहुतेक जण जवळचा स्क्रू दिसला की तिथे चासीला जोडून मोकळे होतात. वर सांगितलेले ते जोराचे घोट मग चासीच्या पत्र्यातून धावतात, आणि त्याच पत्र्यावर ईएफ८६ ची अर्थ बसलेली असते. मधलं टोक जाड तारेने थेट पहिल्या कंडेन्सरच्या निगेटिव्हला, तिथून एक तार पुढच्या कंडेन्सरला, तिथून पुढे; आणि चासीशी गाठ एकाच जागी, इनपुट सॉकेटजवळ. कंडेन्सर बदलून बदलून थकलेले सेट माझ्या टेबलावर येतात, त्यातले पुष्कळसे ही एक तार हलवली की गप्प होतात.

*

प्र. रेकॉर्ड प्लेअरसाठी व्हॉल्व्हचा प्रीअॅम्प घेतला. सीडी लावली तर शांत. रेकॉर्ड लावली की घूं, आणि व्हॉल्यूमबरोबर वाढतो. टोनआर्मला हात लावला की एकदम कमी होतो. आमच्या इमारतीच्या वायरमनने सांगितलं की अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, हम जाईल. काढू का? (ठाणे)

उ. नाही. नाही म्हणजे नाही. हम जाईलही, आणि एखाद्या दिवशी मेन्स ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं की फेज थेट चासीवर आणि व्हॉल्यूमच्या धातूच्या बटणावर येईल. तिसरी पिन असेल तर फ्यूज उडतो. ती नसेल तर तुमचा हात हाच अर्थ. वायरमनने असं सांगावं याचं मला वाईट वाटतं.

हात लावल्यावर हम कमी होतो, म्हणजे टोनआर्मचा धातू कुठेच जोडलेला नाही. प्लेअरच्या मागून दोन सिग्नलच्या तारांबरोबर एक बारीक सुटी तार निघते, टोकाला कोयरीसारखी पट्टी असते. ती प्रीअॅम्पच्या मागच्या स्क्रूला लावा. ‘ही जास्तीची तार कशाला’ म्हणून लोक ती गुंडाळून ठेवतात. तार लावलेली असेल तर ती आतून तुटली आहे का, ते मीटरने बघा.

एवढ्याशा गोष्टीने इतका हम का? कारण कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) देतं पाचेक मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो, तो प्रीअॅम्पला पुन्हा उचलावा लागतो. १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ सातपट उचलला जातो. म्हणजे हमला आपण स्वतः पायघड्या घालतो.

तार लावूनही थोडा उरला तर प्लेअर अॅम्प्लिफायरपासून हात-दीड हात लांब सरकवा. मग दोघांचे प्लग एकाच बोर्डावर लावा. दोन खोल्यांतल्या दोन सॉकेटांवर लावलेत तर दोन अर्थच्या तारा आणि सिग्नलच्या तारेची शिल्ड मिळून एक मोठा फेरा तयार होतो आणि त्यात ५० हर्ट्झ फिरतो. त्याच वेळी सॉकेटही तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट असावेत. तिथे वीस-तीस दिसले तर अर्थ नावालाच आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थचा खड्डा कोरडा पडतो आणि वर्षानुवर्षं कोणी पाण्याची बादली ओतत नाही. सोसायटीच्या मागे लागा, पण काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. वरच्या सल्लागाराकडून नको.

*

प्र. मुलाने अमेरिकेतून जुना व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर आणला. मागे ‘११७ व्होल्ट, ६० सायकल’ लिहिलं आहे. चांगला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन ११७ व्होल्ट मोजून देतो. स्पीकरमध्ये हम नाही, पण अॅम्प्लिफायरच गुरगुरतो आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर तासाभरात हात लावू नये इतका तापतो. तिकडे तर तो शांत होता म्हणे. (पुणे)

उ. तिकडे शांत होता हे खरं असणार. स्टेपडाउनने व्होल्ट बदलतात, सायकल बदलत नाहीत. तिथली वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. तेवढेच व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले की गाभ्यात चुंबकीय भार २० टक्के जास्त पडतो. ‘५०-६० सायकल’ लिहिलेल्या सेटमध्ये लोखंड जास्त घातलेलं असतं, ते निभावून नेतात. नुसतं ६० लिहिलेल्या सेटमध्ये पुष्कळदा तेवढ्यापुरतंच लोखंड असतं. गाभा भरून गेला की करंट वाढतो, पत्र्या थरथरतात, तार तापते.

तुम्ही विचाराल, मग १०० व्होल्टच देऊ का? गाभा शांत होईल, पण ६.३ व्होल्टच्या हीटरला साडेपाचच्या आतच मिळतील आणि व्हॉल्व्ह उपाशी मरतील. म्हणून सरळ उपाय सांगतो: नवा मेन्स ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्या, प्रायमरी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सेकंडरीचे व्होल्ट जुन्यावरचे लोडसकट मोजून द्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर गुंडाळणारे सापडतील. जुना ट्रान्सफॉर्मर टाकू नका, सेट कधी परत गेलाच तर लागेल. तोवर अॅम्प्लिफायर चालवू नका.

नाशिकहून एकांनी असंच विचारलं आहे, फक्त त्यांचा सेट इथलाच आणि गुरगुर रात्री अकरानंतर. तुमच्याकडे रात्री दाब वाढतो. ट्रान्सफॉर्मर २२० च्या टोकावर आणि सॉकेटला २४५ व्होल्ट असतील तर ६.३ चे ७ होतात आणि एचटीही त्याच प्रमाणात चढते. २४० चं टोक असेल तर त्यावर घ्या. नसेल तर छोटा स्टॅबिलायझर. ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट घट्ट करा, तेही बरेचदा पुरतं. गुरगुर स्पीकरची की ट्रान्सफॉर्मरची हे ठरवायला स्पीकर काढून सेट तसाच उघडा चालवू नका. व्हॉल्यूम बंद ठेवून स्पीकरच्या जागी ८ ओम, २५ वॉटचा रेझिस्टन्स लावा आणि मग ऐका.

*

प्र. काका, मी पॉलिटेक्निकला आहे. ईसीएल८६ वर छोटा सिंगल-एंडेड (आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असलेला) अॅम्प्लिफायर केला. सकाळी बरा असतो. संध्याकाळी झर्रर्र येतं आणि लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला की तर बोलायलाच नको. सर म्हणतात फिल्टर वाढव. (लातूर)

उ. सरांचा मान ठेव, पण आधी पंख्याचा रेग्युलेटर बंद करून बघ. सकाळी-संध्याकाळी अॅम्प्लिफायर तोच, बदललं काय? घरातले दिवे आणि पंखे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक अर्धलाटेचा तुकडा कापतो, त्या कापलेल्या कडेतून झर्रर्र निघतो. स्वस्त एलईडी दिवेही तेच करतात. एकेक बंद करत जा, चोर सापडेल. मग इनपुटची तार शिल्डची घे, व्हॉल्यूमच्या पॉटचं धातूचं अंग अर्थला जोड आणि चासीखाली पत्र्याचं झाकण लाव. तुझ्या सेटला खालून झाकण नसणार, पैज लावतो.

इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लाट देणारा असेल तर तिच्यात वरच्या सुरांची गर्दी असते आणि ट्रान्सफॉर्मर ती जशीच्या तशी आत आणतो. साइन लाटेचा इन्व्हर्टर, नाहीतर लाइट येईपर्यंत अभ्यास.

फिल्टरबद्दल सर अर्धे बरोबर आहेत. सिंगल-एंडेडमध्ये रिपल खाऊन टाकणारा जोडीदार नसतो, त्यामुळे पुश-पुलला चालतो तेवढा रिपल तुला चालणार नाही. पण वाढवायचा तो दुसरा कंडेन्सर, पहिला नव्हे. कारण वर सांगलीच्या पत्रात वाच. रेक्टिफायर सिलिकॉन डायोडचा असेल तर पहिल्याचंही एवढं बंधन नाही, मात्र ट्रान्सफॉर्मर तापतोय का ते बघ.

*

प्र. आजोबांचा रेडिओ सुरू केला. आत यूसीएच८१, यूबीएफ८९, यूएल८४ आणि यूवाय८५ या व्हॉल्व्ह आहेत. मोठा हम येतो आणि आवाज फाटतो. मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटला मोबाइल जोडून जुनी नाट्यगीतं ऐकायची आहेत. तुम्ही म्हणता तशी पुढून एकेक व्हॉल्व्ह काढून बघू का? (रत्नागिरी)

उ. थांबा, या रेडिओला आत्ता काहीच जोडू नका. नावात ‘यू’ असलेल्या व्हॉल्व्हचा सेट म्हणजे बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेला, एसी-डीसी सेट. विजेची एक तार थेट चासीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चासीवर फेज, आणि तीच ग्रामोफोनच्या सॉकेटवर येऊ शकते. अशा सॉकेटला जोडलेला मोबाइल हातात धरायचा, या विचारानेच माझ्या अंगावर काटा येतो.

व्हॉल्व्ह काढून बघायची युक्तीही इथे चालत नाही. चारही हीटर एकामागे एक जोडलेले असतात, सगळ्यांतून तेच १०० मिलिअँपिअर. १९, १९, ४५ आणि ३८, मिळून १२१ व्होल्ट, उरलेले एका जाड रेझिस्टन्सवर पडतात. एक व्हॉल्व्ह काढली की सगळ्या विझतात.

म्हणून पहिली खरेदी २३० ला २३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (रेडिओ आणि मेन्स एकमेकांना तारेने जोडू न देणारा), ६०-१०० व्हीए. व्हेरिअॅक (व्होल्ट कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) नव्हे; त्यात दोन्ही बाजूंची तार एकच असते, तो वेगळं काही करत नाही. रेडिओ कायम त्याच्यावरच चालवायचा.

मग दुरुस्ती. रेक्टिफायर यूवाय८५ एकच अर्धलाट घेते, त्यामुळे या सेटचा रिपल ५० हर्ट्झचा आणि गाळायला अवघड. फिल्टरचा डबा, बहुतेक ५० आणि ५० मायक्रोफॅरड, इतक्या वर्षांनी वाळलेला असणार. या एका बाबतीत मी न ऐकताच कंडेन्सर बदला म्हणतो. नवे ३५० व्होल्टचे घ्या, किंमत तीच ठेवा. पण आवाज फाटतोय, त्याचा गुन्हेगार दुसराच. आउटपुटच्या यूएल८४ च्या ग्रिडकडे जाणारा कागदी कंडेन्सर बघा, ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा, वर मेण. कोकणातल्या दमट हवेत हे हमखास गळतात. गळाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्ट येतात, यूएल८४ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढते, एचटी खाली बसते आणि हम आणखी वाढतो. म्हणजे हम आणि फाटणं या दोन्ही तक्रारी त्याच्यापाशी येऊन मिळतात. त्या जागी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन लावा. यूएल८४ बराच काळ अशी जळत राहिली असेल तर तीही बदलावी लागेल. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नशीब अजमावा.

एवढं झाल्यावर रेडिओ शांत असेल, पण स्टेशन लागल्यावरच घूं येत असेल आणि स्टेशन सोडलं की जात असेल, तर तो वेगळा हम. स्टेशनचा सिग्नल विजेच्या तारांमधून रेक्टिफायरपर्यंत येतो आणि तिथे ५० हर्ट्झ अंगाला लावून परत जातो. यूवाय८५ च्या अॅनोड आणि कॅथोडमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा, थेट मेन्सवर चालणारा एक्स२ प्रकारचा कंडेन्सर टाका. साधा ४०० व्होल्टचा तिथे टाकू नका, उलट्या अर्धलाटेत त्यावर सहाशेच्या वर व्होल्ट येतात. एक्स२ वर २७५ किंवा ३०५ लिहिलेलं असतं ते एसीचे व्होल्ट आहेत, ते चालतात.